ठेक्यावरचा तुरुंग

मी ऑकलंडच्या दक्षिणेला एका तुरुंगात गणित शिकवते. अपूर्णांक, टक्केवारी, आणि हवं असेल त्याला लर्नर लायसन्सच्या परीक्षेची तयारी. लायसन्सच्या वर्गाला गर्दी जास्त असते. ज्याला अजून सहा वर्षं गाडीचं दार उघडायला मिळणार नाही तोसुद्धा चौकात आधी कोणी जायचं यावर माझ्याशी हमरीतुमरीवर येतो. वर्ग सुटला की मी पेन्सिली मोजून घेते. चौदा दिल्या तर चौदा परत आल्या पाहिजेत. ही सवय घरापर्यंत आली आहे. माझ्या मुलीच्या कंपासपेटीतलं मला सगळं माहीत असतं.

हा तुरुंग एक कंपनी चालवते. जमीन, कायदा आणि कैदी सरकारचे; कुलपं, जेवण, गणित आणि मी कंपनीची. हे वाक्य आज मी सरळ लिहिलं. नऊ वर्षं मला ते आबांना सांगता आलं नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. पुण्यात महापालिकेचे सफाई कामगार होते. पैकी पहिली अकरा वर्षं ठेकेदाराकडे. ठेकेदार गमबूट द्यायचा नाही, हातमोजे द्यायचा नाही, आणि दर वर्षी स्वतःच्या कंपनीचं नाव बदलायचा, म्हणजे कामगार कागदावर पुन्हा नवे. आबा अकरा वर्षं नवे होते. मग युनियन झाली, मोर्चे झाले, कोर्ट झालं, आणि मी नववीत असताना एका दुपारी ते कायम झाले. आमच्या घरात इसवी सन चालत नाही. एखादी गोष्ट ठेक्यात असताना झाली किंवा कायम झाल्यावर झाली. माझा धाकटा भाऊ ठेक्यातला. फ्रीज कायम झाल्यावरचा.

कॉलेजात जाणारी मी घरातली पहिली. आबा त्याआधी कॉलेजात जाऊन आले होते, पण झाडू घेऊन, आणि गेटपर्यंतच. मी गणितात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. हे कोणी विचारलेलं नसतं तेव्हाही मी सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या भिंतीवर आहेत त्यांना असं सांगावं लागत नाही. आमच्या घरी भिंत नवी होती.

तर नोकरी लागल्यावर मी इथून फोन केला. "आबा, तुरुंगात लागले. शिकवायला."

 मग आबा म्हणाले, "सरकारी."

त्यांनी विचारलं नव्हतं, जाहीर केलं होतं. यात त्यांची चूक नाही. आमची वस्ती पुण्यात तुरुंगाच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे. आमच्या डोळ्यांदेखत शाळा खासगी झाल्या, दवाखाने झाले, कचरा तर झालाच. पण ती दगडी भिंत खासगी होईल असं आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पोलिस, कोर्ट, तुरुंग यांत सरकार नाही तर मग सरकार आहे कुठं?

मला तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणाले, "आबा, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. आवाज व्यवस्थित येत होता.

दोन दिवसांनी भावानं फोटो पाठवला. वस्तीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीवर, सहा फुटी फ्लेक्स. माझा बारावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो मोठा करून लावलेला, त्यामुळे मी संशयित दिसत होते. खाली: "वस्तीची शान! न्यूझीलंड सरकारच्या सेवेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." त्याखाली शुभेच्छुकांचे एकोणीस फोटो. खोटं एकदा फ्लेक्सवर गेलं की ते एका माणसाचं राहत नाही. एकोणीस शुभेच्छुक होते.

यंदा फेब्रुवारीत आबा सहा महिन्यांच्या व्हिसावर टाकानिनीला आमच्याकडे आले. आई चार वर्षांपूर्वी गेली. नवरा त्या काळात आठवड्याचे पाच दिवस ख्राइस्टचर्चला, हॉर्नबीच्या एका साइटवर असायचा, त्यामुळे घरात आबा, मी आणि अकरा वर्षांची मुलगी. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्या बाईनं लोणचं ठेवून घेतलं आणि एक मोठी गुंडाळी उलगडली. तो फ्लेक्स होता. टाकीवरून उतरवून, धुऊन, नऊ वर्षं पेटीत ठेवून आबांनी तो मला भेट आणला होता. त्या बाईनं फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो जैविक धोका नाही असं ठरवलं. आबांनी दुसऱ्याच दिवशी तो आमच्या गॅरेजमध्ये चार खिळ्यांवर ताणून बसवला. रोज कामाला जाताना गॅरेजचं दार वर जायचं आणि मी सरकारी सेवेत निवड झालेल्या स्वतःसमोरून गाडी रिव्हर्स काढायची.

त्याच सुमारास विधेयक निघालं. इथल्या संसदेत मंत्री नसलेल्या खासदारांची विधेयकं एका जुन्या बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठी काढून निवडतात. हे मी बनवून सांगत नाही. त्या डब्यातून एक चिठ्ठी निघाली: खासगी कंपन्यांनी तुरुंग चालवण्यावर बंदी. असलेले सरकारनं ताब्यात घ्यावेत, पुढे कोणाला देऊ नयेत. पहिल्या वाचनात ते कसंबसं तरलं आणि समितीकडे गेलं. आता लोकांनी आपलं म्हणणं लेखी कळवायचं होतं. रेडिओवर रोज तेच. एकदा मोटरवेवर आबा शेजारी बसलेले असताना निवेदिका तीनदा "प्रिझन" म्हणाली.

"काय म्हणते?" आबांनी विचारलं.

"वारा सुटणार आहे."

"तुरुंगात?"

"सगळीकडे," मी म्हणाले आणि रेडिओ बंद केला.

मार्चमध्ये इथल्या आमच्या जयंती मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. हे फ्लॅट बुशला राहतात, आयटीत आहेत, त्यांच्या घराला इतक्या खोल्या आहेत की बुद्धवंदना एका खोलीत चालू असताना दुसरीत लोक क्रिकेट बघतात. एप्रिलमधल्या जयंतीला दरवर्षी शाळेचा हॉल घेतो आम्ही. मुलांचे नाच, भाषणं, जेवण, आणि वादविवाद. वादविवादाशिवाय जयंती म्हणजे नुसतंच जेवण, असं आमच्यात मानतात.

"ताई, विषय ठरला," सेक्रेटरी म्हणाले. "'खासगी तुरुंगांवर बंदी घालावी.' बातम्यांत आहे, आणि तुमच्या फील्डमधला."

"म्हणूनच मला वगळा."

"असं कसं? आंतरमहाविद्यालयीन ढाल जिंकलेल्या तुम्ही एकट्या आहात इथे. तुम्ही नसाल तर आम्हाला परत 'मोबाइल शाप की वरदान' घ्यावा लागेल."

हा धाक होता. मी हो म्हणाले.

"आणि गुड न्यूज. अध्यक्ष तुमचे वडील. यंदा इंडियातून आलेले ज्येष्ठ तेच एक."

आता सांगते की ऑकलंडमध्ये माझी नोकरी कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसलेला माणूस एकच, आणि त्याला शाल मिळणार होती. मी सेक्रेटरींना म्हणाले, स्टेजवर कोणी माझ्या नोकरीचा उल्लेख करायचा नाही. ते म्हणाले, "प्रायव्हसी. नो वरीज, ताई." आणि खरंच, शेवटपर्यंत कोणीही केला नाही. जो केला तो मी केला.

माझा हिशेब सोपा होता. बंदीच्या बाजूनं बोलायचं. ठेकेदारीवर तर मी झोपेतही दहा मिनिटं बोलेन. बाळकडू तेच होतं. टाळ्या पडतील, आबा खूश होतील, विधेयकाचं काय व्हायचं ते होईल. पण आमच्याकडे बाजू चिठ्ठीनं ठरते. त्या दिवशी हॉलमध्ये, समोशांच्या ट्रेशेजारी, सेक्रेटरींच्या मुलानं क्रिकेटच्या टोपीतून दोन चिठ्ठ्या पुढे केल्या. मी उघडली. बंदी नको. खासगी तुरुंग राहावेत.

माझा प्रतिस्पर्धी एक तिशीतला मुलगा. विद्यार्थी म्हणून आला होता, आता इथलाच रहिवासी, एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. त्यानं माझा चेहरा पाहिला. "ताई, बदलू या का? मला तर चालेल, आमचं गोदाम प्रायव्हेटच आहे."

बदलली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी ढाल जिंकलेली. चिठ्ठी बदलणारा वक्ता हा वक्ताच नव्हे, असं मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलेलं. मी म्हणाले, "चिठ्ठी बदलत नाहीत." अभिमानानं म्हणाले. अभिमानाचं असंच असतं, तो बरोबर त्या वेळी हजर असतो.

आबा स्टेजवर मधल्या खुर्चीत. अंगावर शाल, समोर पाण्याची बाटली, घंटी वाजवायला शेजारी माझी मुलगी. तो मुलगा चांगला बोलला. "माणसाच्या कोंडण्यावर नफा कमावायचा? उद्या कोठडी रिकामी राहिली तर कंपनीचा शेअर पडेल!" टाळ्या. "आणि खासगीकरण आलं की सगळ्यात आधी काय जातं, हे या सभागृहाला मी सांगावं का?" यावर तर मागची रांग उभी राहिली. आबांची मान डोलत होती. अध्यक्षानं तटस्थ राहायचं असतं, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी. शिक्षा कंपनी देत नाही, न्यायालय देतं. चांगलं-वाईट हे मालकावर नाही, करारावर आणि देखरेखीवर ठरतं. सरकारी म्हणजे चांगलं असेल तर सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहिलेल्यांनी हात वर करावेत. मुद्दे बरे होते, पण हॉल गार. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी पर्समधून बडीशेप काढली. घंटी झाली, म्हणजे एक मिनिट उरलं.

आमचे कॉलेजचे सर सांगायचे, पहिली घंटी झाली आणि सभागृह गार असेल तर स्वतःचा अनुभव काढायचा. पुस्तकातल्या शंभर वाक्यांना परीक्षक मान हलवतात. अनुभवाला मार्क देतात. ही शिकवण मेंदूत राहत नाही, अंगात जाते. सायकलसारखी. आणि वादविवादात कोणतंही वाक्य अध्यक्षांना उद्देशून टाकायचं, हीसुद्धा अंगातली. मी डावीकडे वळले, हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

"अध्यक्ष महोदय! मी हे पुस्तकातलं सांगत नाही. गेली नऊ वर्षं मी स्वतः एका खासगी तुरुंगात शिकवते. माझा पगार सरकार देत नाही, कंपनी देते. आणि माझ्या वर्गात जो माणूस पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा परीक्षा पास झाला, त्यानं निकालाची प्रत त्याच्या आईला पाठवायला मागितली. त्याच्या आईनं, अध्यक्ष महोदय, मालक कोण हे विचारलं नाही!"

सभागृह उसळलं. काकूंनी बडीशेप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मार्क पडले हे मला तिथल्या तिथे कळलं. जिंकलेल्या माणसाला कळतं ते. त्यानंतर मी अध्यक्षांकडे पाहिलं, म्हणजे आबांकडे.

आबा बाटलीवरचं लेबल वाचत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

दोन्ही परीक्षकांनी मला पहिलं दिलं, आणि मंडळाची ढालही. समारोप अध्यक्षांचा. पुण्यात आबांच्या हातात माइक गेला तर जेवण थंड होतं, असा लौकिक आहे. ते उठले, शाल सारखी केली आणि म्हणाले, "दोन्ही बाजू चांगल्या झाल्या. जेवण तयार आहे." बसले.

गाडीत मागून मुलगी म्हणाली, "मॉम, यू वर हीप्स बेटर दॅन हिम." आबा खिडकीबाहेर बघत होते. फ्लॅट बुश ते टाकानिनी काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता, आणि प्रत्येक सिग्नलला मुलीच्या मांडीवरची ढाल पुढे सरकत होती.

गॅरेजमध्ये गाडी लावली. मुलगी आत पळाली. आबा गाडीतून उतरले आणि फ्लेक्ससमोर उभे राहिले, शालीसकट.

"टेंडर किती वर्षांचं?" त्यांनी विचारलं.

"मोठं आहे. अजून बरीच वर्षं आहेत."

"नाव बदलतो दर वर्षी?"

"कोण?"

"ठेकेदार."

"नाही, आबा. इथं तसं चालत नाही."

"बूट?"

"मी शिकवते, आबा. मला बूट कशाला?"

"देतात का नाही?"

"मागितले तर देतात."

"रजा? आजारपण?"

"दोन्ही. पगारी."

"मग लपवलंस कशाला?"

याची तयारी मी नऊ वर्षं केली होती, आणि तोंडातून निघालं ते असं: "तुम्ही फ्लेक्स लावलात."

"फ्लेक्स मी लावला. आवाज तुटतोय असं तू म्हणालीस." म्हणजे तेही त्यांना माहीत होतं. "तू ठेकेदाराकडे आहेस याचं मला काही नाही, बाई. मी नव्हतो का? अकरा वर्षं. मला लाज नव्हती वाटत, राग यायचा. तुला लाज कुठनं आली? शिकल्यावर?"

 हा प्रश्न मला अजून पुरतो.

मग ते गाडीच्या बॉनेटला टेकले. "एक सांग. कैदी कमी झाले तर तुमच्या कंपनीचं काय?"

"करार असतो, आबा. इतकं सोपं नाही ते."

"आमचा ठेकेदार दिवाळीला लई खूश असायचा. का? दुसऱ्या दिवशी कचरा दुप्पट. त्याचं पोट कचऱ्यावर. कचरा कमी व्हावा असं त्याला वाटेल कसं? तो वाईट माणूस नव्हता. पोरीच्या लग्नात आम्हाला जेवायला बोलावलं त्यानं. पण त्याला कचरा लागायचा."

"सरकारी तुरुंगही भरलेलेच आहेत इथं."

"असतील. पण त्याला मत मागायला दारात यावं लागतं. ठेकेदार कधी आला दारात?"

"आणि मी शिकवते ते? तो माणूस पास झाला ते खोटं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं. "मी ठेक्यात होतो तेव्हा रस्ता स्वच्छ नव्हता का? चकाचक. तो मी झाडत होतो म्हणून. ठेकेदारामुळं नाही. तू आज त्याचं श्रेय त्याला देऊन आलीस. ढालपण घेऊन आलीस."

नियमाप्रमाणे प्रत्युत्तराला दोन मिनिटं मिळतात. मी ती वापरली नाहीत. त्यांनीच विचारलं, "वर्गात कोण लोक असतात?"

"निम्म्याहून जास्त माओरी."

"म्हणजे इथलेच? मूळचे?"

"हो."

"हं," आबा म्हणाले. पुण्यातल्या तुरुंगाच्या भिंतीपलीकडे आमच्या वस्तीतले किती होते, हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्यावर आणखी बोलायची गरज पडली नाही. ते आत गेले आणि शाल घडी घालून ठेवली.

सकाळी चहा घेताना म्हणाले, "निवेदन कुठं द्यायचं?"

मी सांगितलं की समिती कोणाचंही म्हणणं घेते. फॉर्म इंटरनेटवर आहे.

"कोणाचंही? मी इथला नाही."

"चालतं."

"बंदोबस्त नसतो?"

"नसतो."

हे त्यांना पटेना. त्यांच्या अनुभवात निवेदन म्हणजे आधी मोर्चा, मग फाटकाशी पोलिस, मग पाच जणांच्या शिष्टमंडळाला आत सोडतात, आणि साहेब बाहेर गेलेले असतात. तरी त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी इंग्रजीत लिहायला. "प्रति, माननीय अध्यक्ष. विषय: ठेका बंद करणेबाबत. महोदय." पाच ओळी झाल्या. स्वतःबद्दल लिहा या रकान्यात त्यांनी सांगितलं, "सफाई कामगार, निवृत्त. कायम." कायम या शब्दाला मी चार इंग्रजी शब्द घातले, तरी तो बसला नाही.

शेवटी मुलीनं स्क्रीनवरचं वाचलं. "आजू, डू यू वॉन्ट टू स्पीक टू द कमिटी? येस ऑर नो?" मग माझ्याकडे बघून, "टेल हिम, मॉम."

मी सांगितलं. आबांनी चष्मा काढला. "लेखी विचारलंय?"

"हो."

"असं आजवर कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "हो लिही."

आता दुभाषी कोण? मी. सोमवारी मी माझ्या मॅनेजरकडे गेले. तो सँडविच खात होता. मी म्हणाले, माझे वडील समितीसमोर या जागेविरुद्ध बोलणार आहेत आणि मी त्यांचं भाषांतर करणार आहे. तो चावता चावता थांबला.

"तुझे डॅड? ते पुण्याचे?"

"हो."

"कंपनीच्या वतीनं काही बोलू नको. बाकी तुझा दिवस, तुझे डॅड. स्वीट अ‍ॅज."

म्हणजे इथल्या बोलीत, काही हरकत नाही. मी आठवडाभर झोप सोडून तयारी करून आले होते आणि यानं सँडविच संपवलं. आमच्याकडे निदान खुलासा मागवला असता.

सुनावणी जूनमध्ये, व्हिडिओवर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, खाली तांदळाचे दोन डबे, म्हणजे आबांचा चेहरा नीट दिसेल. आबांनी कोट घातला आणि वर जयंतीची शाल. पाच मिनिटं मिळणार होती, भाषांतर धरून. स्क्रीनवर लहान लहान चौकोनांत खासदार. एकाचा नुसता छताचा पंखा दिसत होता. अध्यक्षीण बाईंनी माओरीत नमस्कार केला, "किया ओरा." आबा म्हणाले, "किया ओरा, अध्यक्ष महोदय."

ते बोलले, मी इंग्रजीत सांगत गेले. दिवाळीचा कचरा सांगितला. अकरा वर्षं कागदावर नवं राहणं सांगितलं. आबांची वाक्यं सभेची असतात, लहान आणि एकाखाली एक रचलेली. पंखा दिसणाऱ्या खासदारानं मध्येच कॅमेरा सरळ केला. शेवटी आबा म्हणाले:

"माझी मुलगी ठेकेदाराच्या तुरुंगात गणित शिकवते. ती चांगली शिकवते. तिनं तिथून जाऊ नये. ठेकेदारानं जावं."

मी इंग्रजीत सांगितलं: माझी मुलगी खासगी तुरुंगात नोकरी करते. माझं म्हणणं, कंपनीनं जावं.

अध्यक्षीण बाईंनी आभार मानायला तोंड उघडलं. आबांनी टेबलावर हात ठेवला. "थांब. मधलं राहिलं."

"आबा, वेळ संपत आली."

"वेळ माझी आहे. चार वाक्यं होती. दोन झाली."

इतकी वर्षं वाटायचं, आबांना इंग्रजी येत नाही. येतच नाही. पण मुकादम हजेरी वाचताना एक नाव गाळतो तेव्हा ते न वाचता ओळखायची त्यांना अकरा वर्षांची सवय होती. लॅपटॉपमधून बाईंनी विचारलं, त्यांना आणखी काही सांगायचं आहे का?

मी लॅपटॉपच्या जवळ सरकले.  "ते म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले, "त्यांची मुलगी चांगली शिकवते. आणि तिनं जाऊ नये."

"आणि मुलगी म्हणजे..." एका खासदारानं विचारलं.

"मी."

"थँक यू," ते म्हणाले आणि खाली काहीतरी लिहिलं.

तर न्यूझीलंडच्या संसदेच्या दप्तरी माझ्या अध्यापनाबद्दल एक अभिप्राय आहे. तो माझ्या वडिलांचा आहे आणि त्याचं भाषांतर मीच केलेलं आहे. पदवीइतका मी तो लोकांना सांगत नाही. आज सांगितला.

समितीचा अहवाल अजून यायचा आहे. माझ्या वर्गातही विधेयकाची चर्चा होते. एक जण म्हणाला, "मिस, मालक बदलला तर परीक्षा परत द्यावी लागणार का?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग त्याला चालेल. पेन्सिली चौदा आल्या.

जुलैच्या शेवटी आबांची परत जायची बॅग भरत होतो. मी गॅरेजमध्ये शिडी लावली आणि फ्लेक्सचा पहिला खिळा काढायला घेतला. वाटलं, घेऊन जातील, टाकीवर तर आता कोणी लावणार नाही, निदान पावसात काही झाकायला होईल.

"काय करतेस?" दारातून आबांचा आवाज.

"काढते. खोटा आहे तो."

"बंदी आली तर तुमचा तुरुंग सरकार घेणार ना?"

"हो."

"आणि तू तिथंच?"

"बहुतेक."

"मग राहू दे," आबा म्हणाले. "होईल खरा." आणि निघालेला खिळा त्यांनी हातानंच परत दाबून बसवला.